सहा ते सातचा पाहुणचार

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमची भाची कोमल राठोड हिला भारताच्या संघात कुणी घेतलं ते असो, पण तिला तिथं टिकवून ठेवणारा माणूस मी आहे. दिपक आडे, मोबाईल दुरुस्ती, आखाडा बाळापूर.

आमच्या तांड्यात माझं अंगण आणि माझ्या बहिणीचं, नीलाबाईचं अंगण यांच्यामध्ये एकच भिंत आहे. कोमल लहान असल्यापासून पलीकडून त्या भिंतीवर चेंडू टाकते. डावखुरी फिरकी, आणि तीही एकाच विटेवर. दोनदा मी भांडून गिलावा करून घेतला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तिचा फोटो पेपरात आला होता, म्हणून तो खड्डा आता मी पाहुण्यांना दाखवतो.

हळद वाळत घालायच्या खळ्यावर सराव केलेली ही पोरगी. राज्याच्या निवड चाचणीला गेली ती पिवळाधमक चेंडू घेऊन. शहरातल्या फलंदाज पोरी आधी चेंडूला हसल्या आणि मग एकामागून एक बाद होऊन सावलीत जाऊन बसल्या. मला आमच्या कोमलचा फार अभिमान आहे, लपवायचं कशाला?

तर परदेश दौऱ्याच्या आधी ती चार दिवस घरी आली. ती आली की स्थळं येतात. दाजींचा स्वभाव असा की बाजेवर बसलेल्या कुणालाही ते नाही म्हणत नाहीत. लग्न ठरलं की सासरचे खेळू देतील याचा काय भरवसा? नीलाबाई मला म्हणाली, "दिपक, कुणी आलं तर तूच बघ. पोरीचं खेळणं बंद नगं व्हाया." मी लगेच कामाला लागलो. आराम मिळावा म्हणून कोमलचा फोन बंद करून माझ्या खिशात ठेवला. फोनच बंद, तर स्थळ येणार कुठून?

दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाच्या सुमारास जीप आली. एक मॅडम उतरल्या, मागोमाग इस्त्रीची पँट घातलेला एक माणूस आणि त्याच्या हातात पेटी.

"कोमल राठोड इथंच राहतात ना?"

"काय काम व्हतं?"

"ते त्यांनाच सांगता येईल. जरा खाजगी आहे."

पेटी पाहूनच मी ओळखलं. मुलगा आणि त्याची मोठी बहीण! साखरपुड्याच्या तयारीनंच आलेत. हाकलून दिलं असतं, तर बोभाटा झाला असता. मी हसून म्हणालो, या की, हेच तिचं घर, आंघोळ करून राहिली. आणि त्यांना माझ्याच अंगणात बसवलं. कंटाळून जातील, हा बेत.

आता तुम्हाला सांगतो, मला तेव्हा काय माहीत नव्हतं ते. ती माणसं खेळाडूंनी ताकदीची औषधं तर घेतली नाहीत ना, हे तपासणारी होती. न सांगता येतात आणि लघवीचा नमुना नेतात. कोमलनं त्यांना कळवून ठेवलं होतं की सहा ते सात मी घरी असते. वर्षात तीनदा खेळाडू सापडला नाही तर खेळायला बंदी येते. एकदा विमान उशिरा पोचलं, एकदा संघाचं हॉटेल बदललं, म्हणजे तिच्या नावावर अशा दोन चुका आधीच होत्या. आणि तिसरीसाठी मी चहा ठेवायला सांगत होतो.

भिंतीपलीकडून ठप्, ठप् चालू होतं. मॅडमनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हणालो, आमची मंडळी मसाला कुटून राहिली. तेवढ्यात आमची मंडळी, म्हणजे शितल, दोन्ही हातांत पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

विषय बदलायला मी मुलाची चौकशी सुरू केली. शेती किती? तो गोंधळून म्हणाला, चार एकर. दारूबिरू? तो गंभीरपणे म्हणाला, "अहो, कोण काय घेतं ते शोधणं हेच आमचं काम आहे." म्हणजे मुलगा पोलिसात! क्षणभर माझं मन डळमळलं, पण मी बधलो नाही.

सात वाजत आले. मॅडमनी कोमलला फोन लावून पाहिला. तो बंद, माझ्या खिशात. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आता आम्हाला त्या सापडल्या नाहीत असं लिहावं लागेल."

"लिहा की," मी म्हणालो, "चांगलं ठळक लिहा."

त्याच क्षणी भिंतीवरून चेंडू आला. उंच, सावकाश, हवेत जरासा रेंगाळून बरोबर पेटीवाल्याच्या पोह्यात पडला. आणि पलीकडून कोमलचा आवाज आला.

"मामा, त्या मॅडमला इकडं पाठवा. सात वाजायला आलेत. मी उंबऱ्यावरच हाये."

दोघं पेटी घेऊन पळाले. वेळेत पोचले. पेटी उघडली तर आत साडी नाही, काचेच्या बाटल्या! सगळं समजल्यावर तिच्यासाठी आणलेलं पाणीसुद्धा मीच पिऊन टाकलं.

ते गेल्यावर मी विचारलं, आवाज ऐकू येत होता तर तू इकडं काहून आली न्हाईस? ती म्हणाली, आधी वाटलं तुमचे पाहुणे असतील, मॅडम उठून बोलल्या तेव्हा समजलं. आणि त्या एका तासात ती उंबरा सोडत नाही. दिवाळी असो नाहीतर ताप असो.

"पण इतक्या वर्षांत तुझा चेंडू भिंतीवरून कधी आला न्हाई. आजच कसा चुकला?"

"चुकला न्हाई, मामा."

माझे डोळे भरून आले. न दिसणाऱ्या बशीत चेंडू टाकणारी ही पोरगी माझी भाची आहे! मी मुकाट्यानं फोन परत दिला. त्यात खेळाडूंनी आपला पत्ता भरायचं ॲप असतं, ते तिनं उघडलं. नेटवर्क मिळेना, तेव्हा माझ्याच मोबाईलवरून मी ते जोडून दिलं. शेवटी एवढं ज्ञान आहे आपल्याकडे! पत्त्याखाली घराची खूण लिहायला जागा होती. तिनं लिहिलं आणि मी वाचलं:

"घर सापडलं नाही तर तांड्यात कुणालाही विचारा. फक्त मामांना विचारू नका."