लुइझियानात रविवार रविवारीच येतो

अँब्रोज डाबरेनं बारा दिवसांच्या सहलीचा तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि दोन पावलं मागे सरकून तो असा बघत राहिला, की लुइझियाना यानंच वसवलं असावं. कुठं राहायचं, कुठं काय खायचं, सगळं रंगीत पेनांनी. अमेरिकेच्या त्या मुलखातले केजन लोक भाताशी कोळंबी खातात, डुकराच्या मांसात भात घालून सॉसेज करतात, हे त्याला, तो राहायचा त्या बहारीनमध्ये, अदलिया भागातल्या एका हॉटेलात क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे जीव, सोलताना कळलं होतं. "म्हणजे आपल्या वसईचीच माणसं!" असं तो तेव्हा ओरडला, आणि तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात होतं.

बायकोनं, बेनिटानं, तक्त्याकडे नुसतं पाहिलं. ती हॉस्पिटलातली शिफ्ट संपवून नुकतीच आली होती.

"मागच्या खेपेला त्या रशियाशेजारच्या जॉर्जियात स्विमिंग पूलवालं हॉटेल घेतलंस. जानेवारीत," ती म्हणाली. "त्या पूलवर पोरं चालत होती."

"बर्फ पडणार हे मला काय..."

"या खेपेला एक जरी जेवण चुकलं ना, तर पुढल्या सगळ्या सुट्ट्या वसईला. नाथालीन मावशीकडे. सांगून ठेवते."

नाथालीन मावशी पाहुण्यांना पहाटे पाचला उठवून केळीच्या बागेत कामाला लावायची, आणि तिच्या मते आराम हे मेल्यावर करायचं काम होतं.

पण तक्ता पक्का होता. त्यातला पहिला शुक्रवार तर त्याच्या खास अभिमानाचा. बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून डाबऱ्यांचा मिस्साही, म्हणजे चर्चमधली उपासनाही, शुक्रवारी आणि मोठं जेवणही शुक्रवारी. रविवारी सकाळी सगळे कामावर. अठरा वर्षं हेच चाललेलं. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, म्हणजे लेंटमध्ये, शुक्रवारी मांस न खाण्याचा नेमसुद्धा बेनिटानं घरापुरता बुधवारवर ढकलला होता. तिला रजा मिळाली ती मार्चात, ऐन लेंटमध्ये. अँब्रोजनं बुधवारी मासे लिहिले, शुक्रवारी मिस्सा आणि एका शेतावरच्या हॉटेलात भाजलेलं अख्खं डुक्कर. रविवारी ओळीनं चार हॉटेलं. 'कामाचा दिवस, गर्दी कमी,' अशी टीपही होती.

मंगळवारी ओडीलबाईंचा निरोप आला. लुइझियानातल्या त्यांच्या घरी तीन रात्री राहायचं ठरलं होतं, म्हणून अँब्रोजनं तक्ता त्यांनाही धाडला होता. बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही चर्चजवळची खोली मागितलीत, आणि लेंटमधल्या शुक्रवारी डुक्कर? इथं त्या दिवशी मांस कोण वाढणार?"

अँब्रोजनं कागदाची एक चिकटपट्टी कापून शुक्रवारवर डकवली. मग त्यानं डुक्कर रविवारवर नेलं. शेतवाल्यानं कळवलं, रविवारी आम्ही बंद. बाकीच्या चारांपैकी तीन रविवारी बंद होती आणि चौथं कायमचंच बंद झालं होतं. मग शनिवार. पण शनिवारचा मुक्काम न्यू ऑर्लिन्सला, दोनशे किलोमीटरवर. तो मुक्काम हलवावा तर ओडीलबाईंकडच्या खोल्या त्या रात्री लग्नाच्या वऱ्हाडानं घेतलेल्या, आणि शेतवाल्याकडचं शनिवारचं डुक्करही त्याच लग्नाला चाललेलं.

तक्त्यावर चिकटपट्ट्या वाढत गेल्या. रोज संध्याकाळी पाचला, तिकडे सकाळ झाली की, अँब्रोज पार्किंगमध्ये गाडीत बसून ओडीलबाईंशी हळू आवाजात बोलायचा. लपवायला गेला आणि तिथंच फसला. दहावीतल्या लेकीनं, रिचेलनं, खिडकीतून पाहिलं आणि शुक्रवारी, मिस्साहून आल्यावर, बेनिटा चिकन वाढत असताना सांगून टाकलं.

"मम्मा, डॅडी टॉक्स टू समवन कॉल्ड ओडील. एव्हरी डे. इन द कार."

बेनिटाचा डाव हवेतच राहिला.

"कोण ओडील?"

"घरमालकीण गो! सत्तर वर्षांची हाय!"

"मग गाडीत काय लपतोस?"

नाइलाजानं त्यानं डुकरापासून वऱ्हाडापर्यंत सगळं कबूल केलं. बेनिटानं उठून तक्ता वाचला, पहिल्यांदाच. एकेक चिकटपट्टी उचलून खालचंही वाचलं.

"अरे अँब्रोज," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तिथं रविवार रविवारीच येतो! एवढी साधी गोष्ट माणसाच्या ध्यानात येऊ नये? यल्ला, चल, नंबर दे. आणि वसईची तिकिटं मी बघते."

पाच वाजता तिनं स्वतः फोन लावला. दोघी अर्धा तास बोलल्या, त्यातली वीस मिनिटं गुडघेदुखीवर. फोन ठेवला तेव्हा सगळं मिटलं होतं. शुक्रवारी चर्चच्याच आवारात पातेलंभर क्रेफिश उकडणार होते. रविवारी न्यू ऑर्लिन्सहून सकाळीच परतायचं; मिस्सानंतर ओडीलबाईंचं अख्खं खानदान जमणार होतं, अंगणात डुक्कर भाजलं जाणार होतं, आणि डाबऱ्यांना पंगतीचं आमंत्रण होतं. हॉटेल शोधायची गरजच उरली नव्हती. अँब्रोजला इतकं हायसं वाटलं, की मावशीच्या केळी क्षणभर विसरल्या.

"याला म्हणतात प्लॅनिंग," बेनिटा म्हणाली आणि ऐटीत ओडीलबाईंना नक्की केल्याचा निरोप पाठवला. "खलास!"

दोन मिनिटांत उत्तर आलं. रिचेलनं ते वाचलं आणि तोंडावर हात धरला.

"मम्मा, शी सेज, 'हनी, शुक्रवारी क्रेफिश. मिस्सा आणि डुक्कर रविवारी.' यू रोट, 'सी यू फ्रायडे फॉर चर्च अँड पोर्क.'"

बेनिटानं फोन घेतला, चष्मा लावला, पुन्हा वाचलं. अँब्रोज चहा टाकायला उठला. अठरा वर्षांच्या संसारात तेवढं तो शिकला होता.

"तशी नाथालीन मावशी आता थकलीय," बेनिटा फोन उलटा ठेवून म्हणाली. "तिला दर सुट्टीला कशाला त्रास?"

मावशीच्या तब्येतीची इतकी काळजी अँब्रोजला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"खरंच गो," तो म्हणाला. "त्यांना आराम पायजे."