विळीचा आंतरराष्ट्रीय प्रश्न

"अहो, विळी कशाला नेताय ऑफिसात?" वीणाने विचारलं, तेव्हा मोरेश्वर घैसास टॉवेलात गुंडाळलेली विळी स्कूटरवर पायांशी बसवण्याच्या खटपटीत होते.

"शांततेसाठी," ते म्हणाले.

"मतलब, तुम्ही कॉम्पिटिशनमध्ये सगळ्यांना चाकू देणार?" कौमुदीने दारातूनच विचारलं. ती नववीत होती आणि तिचं मराठी जयपूरच्या तिलक नगरच्या पुढे कधी गेलंच नव्हतं.

"चाकू नाही गं, विळी. आणि देणार नाही, नुसती दाखवणार. झाकणार. मग विचारणार."

वीणाने कपाळाला हात लावला, पण अडवलं मात्र नाही. कारण त्या विळीवर घैसासांची रत्नागिरी अवलंबून होती. अकरा वर्षं झाली होती घर सोडून. आधी भोपाळ, मग रायपूर, मग जयपूर. विमा कंपनीने या माणसाला असं फिरवलं होतं की रेशनकार्डावर पत्ता बदलून बदलून कागद झिजला. आता मार्चमध्ये रत्नागिरी शाखेत जागा रिकामी होणार होती. वीणाने तीन वर्षांत घरात नवा पडदासुद्धा घेतला नव्हता. "आता काय, जायचंच आहे," असं म्हणून ती जुन्या पडद्यांनाच टाके घालत होती.

त्याचं असं झालं. २००६ साली दक्षिण आशियातल्या विमा कर्मचाऱ्यांच्या क्रीडा महोत्सवाचं यजमानपद जयपूर कार्यालयाकडे आलं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि आपण. हेतू उदात्त होता, मैत्री वगैरे. पण आदल्या वर्षी कबड्डीच्या अंतिम सामन्यात नेपाळ आणि बांगलादेश यांच्यात अशी काही मैत्री झाली की पंचांनी मांडवाच्या छपरावर चढून तिथूनच निकाल जाहीर केला. दोन दिवस ते खाली उतरायला तयार नव्हते, असंही सांगतात.

यंदा असं होऊ नये म्हणून विभागीय व्यवस्थापक राजावत साहेबांनी बैठक घेतली. कोणी म्हणालं पोलीस बोलवा, कोणी म्हणालं कबड्डीच काढून टाका, एकजण म्हणाला जेवणातलं तिखट कमी करा. अकरा वर्षांत कुठल्याही बैठकीत "येस सर"पलीकडे न गेलेल्या घैसासांना त्या दिवशी काय झालं कोण जाणे. ते उभे राहिले.

"सर, खेळांच्या जोडीला बौद्धिक स्पर्धा ठेवू या. डोकं कामाला लागलं की हात आपोआप शांत होतात. माझं तर म्हणणं आहे, ऑलिंपिकवाल्यांनीसुद्धा हे करायला पाहिजे. जगात भांडणं राहणार नाहीत."

हे सगळं ते हिंदीत बोलले, आणि त्यांचं हिंदी अकरा वर्षांनंतरही चिपळूणहूनच निघत होतं. पण राजावत साहेबांना मुद्दा पोचला.

"घैसासजी, तो आप ही करवाइए," साहेब म्हणाले. "एक भी झगड़ा नहीं हुआ, तो उसी शाम आपके रत्नागिरी वाले काग़ज़ पर मेरे दस्तख़त. और झगड़ा हुआ, तो रत्नागिरी भूल जाइए."

आता स्पर्धा कुठली ठेवायची? घैसासांनी चार रात्री डोकं खाजवलं. प्रश्नमंजुषा म्हटलं की इतिहास आला, आणि इतिहास आला की सीमारेषा आल्या. वादविवाद तर नावातच वाद घेऊन बसलेला. बुद्धिबळात हरलेला माणूस वर्षभर बोलत नाही, हे त्यांना सासऱ्यांमुळे माहीत होतं. शेवटी त्यांना आठवला हळदीकुंकवाचा खेळ. ताटात वीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट दाखवायच्या, रुमाल टाकायचा, आणि आठवतील तेवढ्या लिहायला सांगायच्या. राजकारण नाही, भूगोल नाही. शुद्ध स्मरणशक्ती. पाच देशांचे पाच संघप्रमुख एका टेबलाभोवती डोकं चालवत बसतील आणि त्यांचं बघून खेळाडूही निवळतील, असा हिशोब होता.

आणि इथेच घैसासांनी ती चूक केली जी कोकणातला माणूसच करू शकतो. वीस वस्तू त्यांनी वीणाच्या स्वयंपाकघरातून उचलल्या. चकलीचा सोऱ्या, करंजीचं कातणं, पुरणयंत्र, उलथनं, पळी, मोदकाचा साचा, आणि मधोमध काहीतरी मोठं दिसावं म्हणून विळी. या वस्तू जगात घरोघरी असतातच, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहिली शंका, जिथे महोत्सव भरला होता त्या कंपनीच्या प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावरच्या चौकीदाराला आली. त्याने टॉवेल सोडला, पातं बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"बाबूजी, ये कौन सा हथियार है?"

"हथियार नहीं है भाई, भाजी काटते हैं इससे."

"पकड़ते कहाँ से हैं?"

"पकड़ते नहीं. इसके ऊपर बैठते हैं."

चौकीदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी घैसास नव्या सफारी सूटमध्ये फाटकातच बसले, एक पाय विळीच्या पाटावर ठेवला आणि चौकीदाराच्या डब्यातला मुळा त्याला कापून दाखवला. चकत्या एकसारख्या पडल्या. चौकीदाराने रजिस्टरात 'बैठकर चलाने वाला चाकू, एक' अशी नोंद केली आणि आत सोडलं.

अकरा वाजता स्पर्धा सुरू झाली. टेबलाशी बांगलादेशच्या शिरीनआपा, नेपाळचे थापा, श्रीलंकेचे परेरा, भूतानचे दोरजी आणि आपले शेखावत. घैसासांनी रुमाल उचलला, मिनिटभराने टाकला, आणि पाचही जण शाळकरी मुलांसारखे खाली मान घालून लिहायला लागले. इतकी शांतता पसरली की घैसासांना रत्नागिरीचा समुद्र ऐकू यायला लागला.

मग कागद गोळा झाले. सोऱ्याला कोणी 'पंप' लिहिलं होतं, पुरणयंत्राला शेखावतांनी 'मशीन' लिहून प्रश्न मिटवला होता. पण एका वस्तूवर तिघांनी ठामपणे नाव लिहिलं होतं आणि तिन्ही नावं वेगळी होती. शिरीनआपांनी लिहिलं होतं बोटी. थापांनी चुलेसी. परेरांनी हिरमने.

"हे सगळं एकच आहे, विळी," घैसास आनंदाने म्हणाले. "तिघांनाही पूर्ण गुण. परीक्षकांचा निर्णय अंतिम."

गुणांचं कोणाला पडलं होतं? शिरीनआपांनी चष्मा काढला.

"भाईसाहब, ही आमची बोटी आहे. माझी आई हिच्यावर मासे कापायची. तुमच्याकडे कशी आली?"

"तुमची कशी?" थापा म्हणाले. "आमच्या घरात चार पिढ्या चुलेसी आहे."

"पात्याशी मला देणंघेणं नाही," परेरा शांतपणे म्हणाले. "पण पुढचं ते दातांचं चक्र आमचं आहे. नारळ खवायला. कोणीतरी ते काढून या पात्याच्या टोकाला ठोकलंय."

घैसास मदतीसाठी शेखावतांकडे वळले. निदान घरचा माणूस तरी सांगेल. शेखावतांनी विळी उलटसुलट करून बघितली.

"मैंने तो ज़िंदगी में नहीं देखी," ते म्हणाले. "हिंदुस्तान की तो नहीं है."

झालं. यजमान देशाने आपला हक्क तिथल्या तिथे सोडून दिला. "अहो शेखावतजी, आपलीच आहे, रत्नागिरीची आहे," असं घैसास मराठीतच ओरडले, पण तोवर तिन्ही देश उभे राहिले होते. खेळात निदान माणूस धापा टाकायला तरी थांबतो. इथे कोणी दमायचं नावच घेत नव्हतं. दारात खेळाडू जमले. नेपाळचे इकडे, बांगलादेशचे तिकडे, बाह्या वर. कोणीतरी पंचांना बोलवायला गेलं, तर पंच म्हणे आधीच छपराची उंची बघून आले होते.

तेवढ्यात सकाळपासून एक अक्षर न बोललेले दोरजी म्हणाले, "ज्याला वापरता येईल, त्याची."

हे सगळ्यांना पटलं, कारण प्रत्येकाला खात्री होती. वरात कॅन्टीनमध्ये गेली. विळी एक आणि दावेदार तीन, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर शिरीनआपांचा. कॅन्टीन शाकाहारी, मासा मिळेना, तेव्हा त्यांनी लांबलचक दुधी मागवला आणि तोच मासा आहे असं समजून त्याचे असे तुकडे पाडले की स्वयंपाकी महाराज हातातला झारा विसरून बघत राहिला. थापांनी मुळे आणि पालक यांचा ढीग घातला. परेरांना नारळ हवे होते. जयपुरात ऐन वेळी नारळ कुठून आणणार? पण पाहुण्यांच्या सत्कारासाठी शालींबरोबर पाच श्रीफळं ठेवली होती. घैसास "अहो, ती सत्काराची" म्हणेपर्यंत परेरांनी पाचही फोडून खवून मोकळी केली.

आता इतकं चिरलेलं वाया कसं घालवायचं? शिरीनआपांनी कढई चढवली. परेरांनी खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली. थापांनी मुळ्याला फोडणी दिली. दोरजींनी हळूच मिरच्या मागून घेतल्या, त्यात पनीर घातलं आणि असा काही पदार्थ केला की पहिला घास घेतल्यावर शेखावत रडले आणि दुसरा मागितला. बाह्या वर केलेले खेळाडू वासाने आत आले. बाह्या वर होत्याच, बसले जेवायला. नेपाळचा चढाईपटू बांगलादेशच्या पकडवाल्याला आग्रह करून वाढत होता. विळी कोणाची, हे विचारायला कोणाच्या तोंडात जागाच नव्हती.

चार वाजता राजावत साहेब मुख्य कार्यालयाच्या अध्यक्षांना घेऊन नेपाळ-बांगलादेश कबड्डीचा अंतिम सामना बघायला मैदानावर आले. मैदानात फक्त पंच होते, आणि तेसुद्धा शिडीजवळ. साहेबांचा चेहरा पडला. ते धावत केंद्रात शिरले आणि कॅन्टीनच्या दारात थांबले. पाच देशांचे साठ खेळाडू सतरंजीवर आडवे झाले होते. काही घोरत होते. सामना खेळायचा तर आधी त्यांना उचलून न्यावं लागलं असतं.

घैसास पुढे झाले. शर्टावर खोबरं, हातात पळी. "सर, कबड्डी..." ते म्हणाले आणि पळी पाठीमागे लपवली. गेली रत्नागिरी, असं त्यांच्या मनाने तेव्हाच ठरवून टाकलं.

अध्यक्षांनी एकवार सगळीकडे बघितलं. मग पान पुढे ओढून खाली बसले. "तीस साल में पहली बार," ते म्हणाले, "फ़ाइनल के दिन किसी की नाक नहीं टूटी." दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. राजावत साहेबांनी घैसासांना पोटाशी धरलं, बॅगेतून रत्नागिरीचा कागद काढला आणि खिशातलं पेन चाचपायला लागले. घैसासांचे डोळे भरून आले. त्यांना तिथूनच वीणाला फोन करावासा वाटला.

"एक मिनिट, सर," शिरीनआपा म्हणाल्या. "आधी ठराव करू. पाच देशांचं इतकं जमलंय, ते कागदावर आलं पाहिजे."

"ज़रूर," राजावत म्हणाले आणि पेन घैसासांच्याच हातात दिलं. "लिखिए घैसासजी, आपकी लिखावट सबसे अच्छी है."

घैसास खुशीत लिहायला बसले. थापांनी पहिलं कलम सांगितलं, की यापुढे दरवर्षी खेळांच्या जोडीला बौद्धिक स्पर्धा होईल. घैसासांनी झोकात लिहिलं. परेरा म्हणाले, ती दरवर्षी जयपुरातच होईल. तेही लिहिलं. शिरीनआपा म्हणाल्या, संयोजक श्री. घैसास हेच राहतील. घैसासांचा हात जरा थबकला, पण त्या इतक्या मायेने बघत होत्या की त्यांनी लाजत लिहून टाकलं.

मग सगळे दोरजींकडे बघायला लागले. दोरजींनी थोडा विचार केला.

"आणि ते निवृत्त होईपर्यंत," दोरजी म्हणाले, "जयपूर सोडणार नाहीत."

"अनुमोदन," शेखावत म्हणाले.

घैसासांनी वर बघितलं. पाच देश त्यांच्या खांद्यावरून वाकले होते, सह्या करायला अधीर. सकाळी हेच एकमेकांच्या अंगावर जाणार होते. आता एक "नको" म्हटलं, की पुन्हा सगळं उघडलं असतं. निवृत्तीला अकरा वर्षं होती. घैसासांनी तेही लिहिलं. पाच सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, आणि राजावत साहेबांनी ठराव वाचून रत्नागिरीचा कागद हळुवारपणे बॅगेत परत ठेवला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी वीणाला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती टाके घातलेल्या पडद्याकडे बघत बसली. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

"म्हणजे आपली बदली तुम्हीच रद्द केलीत," ती म्हणाली. "स्वतःच्या हाताने."

"पाच देशांचा प्रश्न होता गं."

"अक्षर तरी नीट आलं का?"

"शेवटच्या ओळीत जरा बिघडलं," घैसास म्हणाले. वीणाने सुस्कारा टाकला, टेबलाच्या खणातून मोजपट्टी काढली आणि कौमुदीला खिडकीवर चढवून नव्या पडद्याचं माप घ्यायला लावलं.