भैरू तरसाचा एकट्याचा अल्बम

शेपट्या आवरून बसा, बाळांनो. एका जंगलात एक तरस राहायचा. तो तरस म्हणजे मीच. पण गोष्टीत 'मी, मी' केलं की फुशारकी वाटते, म्हणून आपण त्याला भैरू म्हणू.

भैरू 'वणवा' नावाच्या रॉक बँडमध्ये गायचा. म्हणजे ओरडायचा. मागे बारकू साळिंदर ड्रम बडवायचा. भैरूने आयाळ वाढवली होती आणि अंघोळ सोडली होती. एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

पण एकदा त्याच्या डोक्यात शिरलं, की आपला खरा आवाज या ढणढणाटात कुणाला ऐकूच जात नाही.

"बारकू, मी एकट्याचा अल्बम काढतोय," तो म्हणाला. "नुसता माझा आवाज. जंगलाने तो एकदा ऐकायलाच हवा."

"काढ की," बारकू म्हणाला. त्याचे काटे जरा पडले. भैरूला ते दिसलं, पण तो तेव्हा मुखपृष्ठासाठी फोटो काढून घेत होता.

मुंगूसशेठने अल्बमची सीडी बाजारात आणली, सोनेरी चकचकीत वेष्टनात. ते वेष्टन बघून हत्तीणबाईंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून दोनशे प्रती लुटल्या. मग काय! मुंजीला, बारशाला, निवृत्तीच्या समारंभाला जो तो हाच अल्बम देऊ लागला. वेष्टन फोडलं की पुढे कुणाला देता येत नाही, म्हणून कुणी ते फोडत नसे. खप लाखावर गेला.

सिंहमहाराजांनी भैरूचा जाहीर सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला आणि भेट म्हणून त्याचाच अल्बम दिला.

भैरू हुरळून गेला. घरी येऊन त्याने दातांनी वेष्टन फोडलं आणि अल्बम लावला.

आवाजच येईना. पुढचं गाणं लावलं, तिथेही काही नाही. मुंगूसशेठच्या कारखान्यात गाणी भरायचीच राहिली होती. लाखभर प्रती कोऱ्या गेल्या होत्या आणि एकाही प्राण्याने तक्रार केली नव्हती. मला रडूच कोसळलं. म्हणजे, भैरूला.

तो धावत बारकूकडे गेला.

"मी पहिल्याच दिवशी विकत घेतला," बारकू म्हणाला. "चारदा लावला. म्हटलं, तू काहीतरी नवीन केलं असशील, आपल्याला कळत नसेल."

"मग बोलला का नाहीस?"

"जळतोस म्हणाला असतास."

ते खरंच होतं. भैरूने मान खाली घातली.

"आता गा," बारकू म्हणाला. "सगळी गाणी. मी काही वाजवत नाही."

भैरू गायला. त्याचा नुसता आवाज पहिल्यांदाच कुणीतरी ऐकत होतं. बारकू डोळे मिटून शेवटच्या गाण्यापर्यंत बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "भैरू, तू सुरात नाहीस रे. पण जमेल. रोज ये, मी बसतो तुझ्याबरोबर."

भैरू तिथून उठला तो तडक मुंगूसशेठकडे गेला आणि दुसऱ्या अल्बमचा करार करून आला. गाणी न भरण्याची अट या वेळी त्याने स्वतःच घातली. तोही अल्बम धडाक्यात खपतोय. बारकूकडे मात्र जाणं होत नाही.

तात्पर्य: जो आपलं शेवटपर्यंत ऐकून घेतो, तोच खरा मित्र. अशा प्राण्यापासून चार हात लांब राहावं.