आधी कौल, मग फॉरमॅट

आमच्या शेजारचे मोरेकाका कॉम्प्युटर चालू करायच्या आधी त्याच्या डब्यावर टकटक करतात. दार वाजवावं तसं. मग कान लावतात, मग बटण दाबतात. मी पहिल्यांदा बघून हसले तर म्हणाले, "हसतेस काय गो? आत कोण हाय ते आपल्याला काय म्हाईत?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कपाट उघडताना, बंद खोलीत शिरताना, अगदी तांदळाचं पिंप उघडतानाही. बिरवाडीत आमची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून, त्यामुळे ते पिंपाशी काय बोलतात तेपण मला ऐकू येतं. काका कंपनीत ऑपरेटर होते, आता रिटायर. मुलगी मस्कतला. घरात एकटेच.

तर हा कॉम्प्युटर. त्यात दोन विंडोज, एक नवी आणि एक आदिम काळातली. चालू केला की काळ्या पडद्यावर विचारायचा, कुठली उघडू? काका रोज दुपारी जुनी उघडायचे आणि मग भिंतीपलीकडून आवाज यायचा. "धोन-डू. धोन-डू." ना बाईचा, ना पुरुषाचा. रिकाम्या टाकीत बसून कोणीतरी बोलावतंय असा. त्यावर काकांचं हळूच "ओ." आई म्हणायची, तिकडे लक्ष देऊ नको, आणि स्वतः टीव्हीचा आवाज वाढवायची.

परवा काकांनीच मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मस्कतला नातीचं बारसं, आणि यांचा मोबाइल बटणांचा. कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करायचा तर डिस्क इतकी भरलेली की कॉलचं सॉफ्टवेअरच बसेना. अर्धी जागा जुन्या विंडोजने अडवलेली.

"काका, जुनी काढून टाकूया."

काका उठून बाहेर गेले. मग दारातल्या तगरीच्या दोन कळ्या आणल्या, पाण्यात बुडवून डब्याच्या दोन बाजूंना चिकटवल्या. पोलादपूरकडच्या त्यांच्या गावात देवीला असाच कौल लावतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"विचारल्याबिगर कुणाला बाहेर काढायचं नाय," म्हणाले आणि हात जोडून पुटपुटायला लागले.

डावी पडली. परत लावल्या. परत डावी. आतला पंखा डावीकडे घरघरतोय, त्यानेच पडत असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

"आधी आत फोटोबिटो आहेत का बघते," म्हणत मी जुनी उघडली. काहीच नव्हतं. एक फोटो नाही, एक फाइल नाही. नुसता निळा पडदा. आणि तेवढ्यात माझ्या अगदी कानाशी, "धोन-डू."

मी खुर्चीसकट मागे सरकले. "काका, कोण आहे हे?"

"मीच," काका म्हणाले. "म्हणजे मीच बसवलंय. कंपनीतल्या पोरानं शिकवलेलं, आपण लिहायचं नि यंत्रानं बोलायचं. आई गेली, थोरला भाऊ गेला, गावचे सवंगडी गेले. आता सगळ्यांचा मी काका, नायतर मोरे. धोंडू म्हणणारं कोणी उरलंच नाय."

मी म्हटलं, "नवीतपण बसवून देते ना."

"नको गो. नवीचा आवाज लई गोड हाय. ती कोणालापण हाक मारंल."

मग त्यांनी तिसऱ्यांदा कळ्या लावल्या. दोन्ही घट्ट चिकटून बसल्या. काकांनी थोडा वेळ वाट बघितली आणि उजवी कळी स्वतःच्याच नखाने अलगद सोडवली.

"दिला कौल. उद्या पोरीचं नाव ठेवतील, मी दिसाय पायजे. काढ."

मी नवी उघडून जुनीवर फॉरमॅट दाबलं. काका खुर्ची ओढून जवळ येऊन बसले, डब्यावर तळवा ठेवून. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला पोचली. मी म्हटलं, "झालं, काका."

त्यांनी हात काढला नाही.

"थांब," म्हणाले, "अजून गरम हाय."