बोरशिंगीची माणसं किती

महामार्गाला जागा लागली तेव्हा बोरशिंगी गाव कचेरीच्या संगणकातल्या एका तक्त्यात राहायला गेलं. माणशी एक ओळ मिळाली. राघू झोरे तेवढा गेला नाही. आपण कुणाच्या ओळीत बसणार नाही, असं सांगून तो मेंढरांसह माळावर राहिला. बायको धोंडाबाई गावाबरोबर आत गेली.

पुढे बाजारात त्याच्या कानावर आलं, की आतल्या ओळी गुपचूप काढून टाकताहेत. राघूनं मेंढरं भावकीत सोपवली आणि कचेरी गाठली.

खिडकीत निरगुडे मॅडम होत्या.

"बाई, आमची धोंडाबाई आत हाय का?"

"बघायचा अधिकार तुम्हाला नाही, बाबा. मलाही नाही."

"मग माणसं किती, तेवढं मोजा."

"मोजायचं म्हणजे बघणं आलंच."

"म्या मेंढरं तोंडं न बघता मोजतो. वाघुरीच्या जाळीच्या दाराशी पाठीला हात लावला की झालं."

"हा तक्ता आहे, मेंढवाडा नव्हे. अंदाज हवा तर त्या फळ्यावर वाचा. सुमारे दोनशे."

"कवाचा अंदाज?"

"गाव आत गेलं तेव्हाचा. फेरमोजणी तक्त्याच्या मालकानं सांगितली तरच होते. मालक तुमचे सरपंच."

"ते कुठं हायेत?"

"आत."

राघू भिंतीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं उठला.

"मला अधिकार तरी कसला हाय?"

"आत जायचा. तो सगळ्यांनाच आहे."

"एका नावाच्या दोन ओळी चालत्यात?"

"छे. नाव आधीच असलं तर यंत्र माणसाला बाहेर ढकलतं."

"मग माझं नाव धोंडाबाई राघू झोरे लिवा."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "मिशांसकट?"

"लिवा. ती आत असंल तर मला ढकलंल. तेवढंच बघायचंय."

"आणि नाही ढकललं तर? बाहेर काढायचा अधिकार माझ्याकडे नाही. तो वरच्यांचा."

"ढकलंल. ती जागा सोडणारी बाई न्हाई."

मॅडमनी नाव टाइप केलं. राघूनं मुंडासं काढून काखेत धरलं आणि ढकलून घ्यायला तयार होऊन उभा राहिला.

यंत्रानं त्याला ढकललं नाही.

आत अंधार होता. ओळ अरुंद होती, गार होती. राघू गुडघे पोटाशी घेऊन बसला. शेजारच्या ओळीतून एका म्हातारीचा आवाज आला.

"धोंडे, आलीस व्हय गं माघारी?"

राघूनं काखेतलं मुंडासं मिशांवर धरलं.

"आले," तो म्हणाला.