चित्र नऊ, गोष्ट तीन

आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे वसंतराव जगदाळे कॉमिक वाचताना डाव्या हाताच्या तळव्याने संवाद झाकतात. पिकलेल्या मिशांचा, पंप बनवणाऱ्या कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ रोज सकाळी गॅलरीत बसून उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या वीरांची पुस्तकं बघतो. बघतो म्हणजे बघतोच. "आधी चित्र, मग बडबड" हा त्यांचा नियम. बडबडीची पाळी बहुधा येत नाही.

पुस्तक मिटलं की मार्क. चित्राला दहापैकी वेगळे, गोष्टीला वेगळे. ही सवय पुढे कॉमिकपुरती राहिली नाही. निजामपुऱ्यात आमच्या भाच्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं आवरती घेऊन गुरुजींनी पंगती बसवल्या, तेव्हा वसंतराव माझ्या कानात म्हणाले, "चित्र आठ, गोष्ट दोन." माझी एक कथा एका दिवाळी अंकात आली होती, तीही मी मोठ्या उमेदीने त्यांना दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "कागद चांगला वापरलाय."

घाईचा त्यांना भारी तिटकारा. ही गोष्ट घडली ते दिवसच घाईचे होते. घरोघर केबल आली होती, जो तो शेअरचे भाव विचारत होता, कोपऱ्यावरचा सेवउसळवालासुद्धा उसळ वाढायच्या आधी प्लेट परत मागायचा. वसंतराव मात्र स्कूटर अशी चालवायचे की सायकलवाले वळून बघत. कोणी काही बोललं तर सावकाशीचं गुजराती उत्तर ठरलेलं: "शांतीथी, भाई, शांतीथी."

एकदा स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून त्यांनी एक परदेशी कॉमिक आणलं. त्यात इतकी पानं मारामारी करून नायक शेवटी एका पानात मरतो. मी बँकेत नोकरी करत असलो तरी मनाने समीक्षक. मी लगेच सुनावलं, "वसंतराव, गोष्टच घाईत गुंडाळली तर चित्रं चाटायची आहेत का? गोष्ट हा आत्मा आहे."

"गोष्टीला तीन," ते म्हणाले. "पण हे बघा." आणि शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. नायकाची बायको दारात उभी होती. तिच्या हातात टॉवेल होता.

"टॉवेल आहे," मी म्हणालो.

"ओला टॉवेल आहे. ती कामातून उठून आलीय. गोष्टवाल्याला घाई होती, संपादक. चित्रवाला तिच्यापाशी थांबला. त्याला नऊ."

संपादक म्हणजे मी. आमचं मराठी मंडळ गणेशोत्सवात दरवर्षी एक हस्तलिखित अंक काढतं. खरोखर हाताने लिहिलेला, एकच प्रत, गणपतीशेजारच्या टेबलावर दहा दिवस ठेवलेला. दुसऱ्या कोणाला वेळ नसल्यामुळे त्याचं संपादकपद माझ्याकडे होतं. घराबाहेर गुजराती बोलणारी आमची पोरं त्या टेबलाकडे फिरकायची नाहीत, म्हणून मी शक्कल काढली: अंकात एक मराठी वीर आणायचा. नाव वादळवीर. गोष्ट माझी, चित्रं वसंतरावांची, पानं आठ.

गोष्ट लिहिताना मी हात आखडता घेतला नाही. एक तस्कर, त्याचं विमान, पळवून नेलेला शास्त्रज्ञ, तुडुंब भरलेलं धरण आणि वादळवीराचा हरवलेला जुळा भाऊ. आता वाटतं, आठ पानांत एवढं मावायला धरणच फुटायला हवं होतं.

उत्सवाला चार दिवस राहिले तेव्हा वसंतरावांनी सात पानं आणून दिली. पहिल्या पानावर वादळवीर जिना चढत होता. दुसऱ्यावर तो लाल झगा दोरीवर वाळत घालत होता, चिमट्यासकट. पुढे खिचडी शिजत होती. सातव्या पानापर्यंत वीर आणि त्याची बायको गॅलरीत चहा पीत होते. चित्रं अशी की चहाचा वास यावा. पण तस्कराचा पत्ता नाही. मी आधीच लिहून ठेवलेले संवाद वाया कसे घालवायचे? म्हणून ते तसेच मोकळ्या जागांत भरले. त्यामुळे खिचडी ढवळताना आमचा वीर गर्जत होता, "दुष्टा, तुझा काळ जवळ आला आहे."

मंडळाचे कार्यवाह परांजपे यांनी फर्मान काढलं: चार पानं कापा, उरलेल्यात मारामारी घाला. मला ते पटलं. रविवारी सकाळी पानं घेऊन मी वर गेलो.

"वसंतराव, चित्रं अप्रतिम आहेत," मी सुरुवात केली. "पण ही चहाची पानं काढावी लागतील. गोष्ट पुढेच जात नाही."

त्यांनी पानं हातात घेतली. "कापू नका," ते म्हणाले. त्यांनी कोणाला विनंती केलेली मी कधी ऐकली नव्हती.

मग मी ती पानं पहिल्यांदा नीट पाहिली. वादळवीराच्या बायकोने चष्मा केसांत वर सरकवून ठेवला होता आणि बशी दोन्ही हातांनी धरली होती. आमच्या सोसायटीत अशी बशी एकच बाई धरायची. शालिनीवहिनी, त्यांची पत्नी. वसंतराव नोकरीत होते तेव्हाच त्या गेल्या. एका दुपारी कारखान्यात फोन आला आणि त्यांनी आयुष्यात एकदाच स्कूटर पळवली. तरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"हिची गोष्ट फार घाईत उरकली हो, संपादक," ते म्हणाले. "सकाळी डबा देताना काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, संध्याकाळी चहाला सांग." मग पानं नीट जुळवत म्हणाले, "आठवं पानही मलाच द्या."

मी उरलेलं कोरं पान दिलं आणि परांजप्यांना सांगितलं की कापायचंच असेल तर माझं संपादकीय कापा. ते त्यांनी इतक्या आनंदाने मान्य केलं की मी जरा दुखावलोच.

गणपती बसले. परांजप्यांनी अंक उघडला आणि आठव्या पानापर्यंत पानं भराभर उलटली. तिथे चहाचा दुसरा कप ओतला जात होता. आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर ते म्हणाले, "जगदाळे, अहो, खलनायक कुठाय?"

"येईल हो," वसंतराव शांतपणे म्हणाले. "तो येतोच. त्याला कशाला घाई करायची?"

परांजपे आरतीकडे वळले. मी अंक पुढे ओढला. संवाद सगळे माझे होते. मी ते तळव्याने झाकले आणि पहिल्या पानापासून बघायला लागलो.