गावित सरांचा चार्ल्स

आमचे गावित सर शिव्या देत नसत. फार संताप आला की समोरच्याला ‘चार्ल्स!’ म्हणत. थांब्यावर न थांबणारा एसटीचा ड्रायव्हर चार्ल्स, ग्रामसभा टाळणारा सरपंच चार्ल्स, आणि एकदा तर बाकीच्या कोंबड्यांना दाण्याजवळ फिरकू न देणारा त्यांचाच कोंबडा चार्ल्स. आधी ‘पहिला’ लागलं, की प्रकरण हाताबाहेर गेलं असं आम्ही समजायचो.

सर आम्हाला जव्हारच्या शाळेत इतिहास शिकवत. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या ह्या पहिल्या चार्ल्स राजानं संसद बरखास्त करून अकरा वर्षं एकट्याच्या मर्जीनं कारभार केला, आणि देवाची प्रार्थनाही मी सांगेन तशीच करा म्हणून लोकांच्या मागं लागला, एवढाच तो धडा. पुस्तकात पाऊण पान. सर त्यावर पंधरवडा काढत, जणू सगळं मागच्या बाजाराला मोखाड्यात घडलं होतं.

राजाचं नवं प्रार्थनेचं पुस्तक ऐकून स्कॉटलंडातल्या एडिंबरात एका बाईनं भर चर्चमध्ये स्टूल भिरकावलं, हे सांगताना सर खरोखर स्टूल भिरकावत. “आमाला इचारलं व्हतं का रं?” असं ती बाई आमच्याच बोलीत ओरडायची. त्यात शाळेच्या एका स्टुलाचा पाय दरवर्षी जायचा. आम्ही ठाणं पाहिलं नव्हतं, पण एडिंबरा आम्हाला शेजारच्या पाड्याइतकं ओळखीचं होतं. अजून आठवलं की वर्गात जाऊन बसावंसं वाटतं.

निवृत्त होऊन सर साखरशेतकडच्या आमच्या गावी परतले आणि चार्ल्स त्यांना सख्ख्या नात्यातच भेटला. त्यांचे थोरले भाऊ देवजीदादा, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. वेशीवर सादड्याच्या झाडाखाली आमचा वाघदेव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला प्रत्येक घरानं आपल्या हातानं देवापुढं नवा भात ठेवायचा, ही रीत. देवजीदादांनी एकही मीटिंग न घेता देवाभोवती स्टीलचं रेलिंग उभं केलं, कुलूप लावलं आणि फर्मान काढलं, की भात बाहेरून द्यायचा, आत मी ठेवीन.

सर तणतणत माझ्याकडं आले. मी पंचायत समितीत कारकून, म्हणजे त्यांच्या लेखी सरकार.

“रेलिंग! अरे, त्या राजाच्या धर्मगुरूनंही देवाच्या टेबलाला कठडाच घातला होता. त्यावरून इंग्लंड पेटलं!”

“सर, दादा म्हणतात, शेळ्या येतात.”

“तिकडं कुत्र्यांचं कारण सांगितलं होतं! पहिला चार्ल्स आहे तो, पहिला!”

सर घरोघर फिरले. भावाशी बोलणं टाकलं. अखेर सादड्याखाली मीटिंग भरली आणि रेलिंग काढायचं ठरलं. म्हाताऱ्या बायांनी तर दोन्ही हात वर केले.

देवजीदादा उठले आणि त्यांनी किल्ली जमिनीवर ठेवली. “ही किल्ली व्हती म्हणून लोक दारात यायचे,” ते म्हणाले. “पोरं नाशिकला. बायको गेली. आता माज्याकडं कोन येल?”

सर जिंकले होते आणि त्यांचं तोंड पार उतरलं होतं. बाप गेल्यावर ह्याच दादानं शाळा सोडून नांगर धरला, म्हणून सरांना जव्हारची शाळा दिसली, हे आख्ख्या गावाला ठाऊक आहे. सरांनी किल्ली उचलली, फुंकून पुसली आणि भावाच्या खिशात घातली.

वाघबारशीला सगळ्यांनी आपापल्या हातानं भात ठेवला. ते रेलिंग आता कुणाच्या तरी परसात दुधीच्या वेलाला आधार देतं. पण सर रोज सकाळी भावाच्या दारात उभे राहून हाक मारतात, “दादा, किल्ली दे.” दादा कुरकुरत बाहेर येतात, किल्ली देतात, दोघं खाटेवर बसून कोरा चहा पितात. मग सर किल्ली परत करून घरी जातात.

न राहवून मी एकदा विचारलं, “सर, कुलूपच नाही, तर किल्ली कशाला?”

 सर म्हणाले, “जन्मभर नुसतं राजांबद्दल बोललो रं. भावावर माया आहे, हे सांगायचं कसं ते मला येत नाही. किल्ली तेवढी मागता येते, म्हणून मागतो.” मग ते म्हणाले, “आणि तो देतो. रोज देतो.”